ताडोब्याला जा, पण नुसता वाघ पाहायला नको



तूर मळून झाली, पऱ्हाटीच्या शेवटच्या वेचणीचे काम सरले की गावोगावी सहलीच्या गोष्टी निघतात. कुणी पंढरपूर म्हणतो, कुणी शेगाव, कुणी शिर्डी. खात्यामार्फत अभ्यास दौरा निघाला तर हिवरे बाजार, राळेगणसिद्धी, बारामती ही नावे ठरलेली. ही ठिकाणे चांगलीच आहेत आणि तिथून शिकून आलेल्यांनी आपल्या वावरात बदलही केला आहे. तरीही यंदा तुमच्यापुढे एक निराळे नाव ठेवतो. ते म्हणजे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा.

हे नाव काढले की पहिले उत्तर ठरलेले येते, "साहेब, वाघ पाहायला पैसे कशाला द्यायचे? आमच्या धुऱ्यावरून तो फुकट जातो!" उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या भागातल्या माणसाला वाघ माहीत नाही असे कोण म्हणेल? राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या त्या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी सांगितले गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली, तोवर दोन वर्षे तिथल्या बायामाणसांनी जीव मुठीत धरून कापूस वेचला. त्या गावांना ताडोब्यात जाऊन वाघ पाहा म्हणणे म्हणजे पुरातून वाचलेल्याला समुद्र पाहायला ये म्हणण्यासारखे वाटेल.

पण मुद्दा नेमका इथेच आहे. आपण वाघ पाहिला तो भीतीच्या पोटी. रोही पाहिला तो उभ्या चण्यात. डुक्कर पाहिले ते रात्री जागलीवर, टेंभा आणि डबा हाती घेऊन. पुण्या-मुंबईचा माणूस पाहतो तो जिप्सीत बसून, दुर्बीण लावून. एकाच जनावराकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा झाल्या, आणि दोन्ही अर्ध्या आहेत. शहरवाल्याला आपले वावर दिसत नाही आणि आपल्याला जंगल आतून दिसत नाही. त्याने आपले वावर पाहावे यासाठी आपण फार काही करू शकत नाही. जंगल आतून पाहणे मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की ताडोब्याला जा, पण हौसे-नवसे-गवशांची सहल करून जाऊ नका. दोन दिवसांचा बेत आखा. अर्धा वेळ जंगलाला द्या आणि अर्धा वेळ जंगलाकाठच्या गावांना. वाघ दिसला तर नशीब. न दिसला तरी त्या गावांकडून जे घेऊन याल ते तुमच्या गावाला पुढची दहा वर्षे पुरेल.

ताडोबाच का?

आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आहे. तिथेही सफारी आहे, वाघही आहेत. ज्यांना एका दिवसात जाऊन यायचे आहे त्यांनी तिथे जरूर जावे. पण जंगल आणि गाव यांची सांगड कशी घालावी, ती कुठे बसते आणि कुठे फाटते हे पाहायचे असेल तर ताडोब्याचा अनुभव जुना आणि मोठा आहे.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आतला गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे. २०१० मध्ये त्याच्याभोवती सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जाहीर झाले. हे बफर म्हणजे रिकामे जंगल नव्हे. त्यात सुमारे ऐंशी गावे आहेत, त्यांची धानाची, कापसाची, चण्याची वावरे आहेत, ढोरे आहेत, शाळा आहेत. बोटेझरी, नवेगाव, जामणी (आपले झरी-जामणी नव्हे) अशी काही गावे गाभ्यातून उठून बाहेर वसली. म्हणजे आपल्याला आज जे प्रश्न पडतात ते तिथल्या लोकांना वीस-पंचवीस वर्षे आधीच पडले. काहींची उत्तरे त्यांना सापडली, काहींची अजून सापडलेली नाहीत. शेजाऱ्याच्या वावरातले पीक पाहून आपण वाण ठरवतो, तसेच हे आहे.

नावाचीही एक गोष्ट आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला आणि तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले, अशी तिथल्या आदिवासींची श्रद्धा आहे. पौषात त्याची जत्रा भरायची. वाघाने मारलेल्या माणसाला देव मानणारे लोक वाघासह त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिले, ही गोष्ट आपण विसरू नये.

बेत कसा आखावा?

आता कामाचे बोलू. शेतकऱ्याच्या सहलीचा बेत नोकरदारासारखा रविवार पाहून होत नाही, तो पीक पाहून करावा लागतो.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभ्यातली सफारी बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल हिरवे आणि देखणे असते, पण तेव्हा आपले सोयाबीन आणि कापूस वावरात असतो. दिवाळी, नाताळ आणि वर्षअखेर यांच्या नादी लागू नका, गर्दी फार आणि दरही चढे. आपल्यासाठी सोयीचा काळ म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च. तूर-चणा घरी आलेला असतो, पळस फुललेला असतो, मोह गळायला लागतो, पानझड झाल्याने नजर लांबवर जाते. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यावर जनावरे जास्त दिसतात हे खरे, पण चंद्रपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना ते सोसणार नाही. मंगळवारी गाभा बंद असतो हेही लक्षात ठेवा. सोमवारी रात्री पोचून मंगळवार सकाळ हुकवलेली मंडळी दरवर्षी दिसतात. आपण मात्र मंगळवारचाही उपयोग करून घेऊ शकतो. तो दिवस गावांसाठी ठेवा.

माणसे किती न्यावीत? एका जिप्सीत सहा प्रवासी बसतात, शिवाय चालक आणि गाइड. म्हणून सहाच्या पटीत गट करा, बारा किंवा अठरा. तेरावा माणूस आला की एका माणसासाठी अख्खी गाडी करावी लागते. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो, निम्म्या बायका असू द्या. कापूस वेचायला, सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला जंगलाच्या कडेने जाते कोण? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्यांच्या जिवावर बेतते त्यांना घरी ठेवून पुरुषांनी अभ्यास दौरा करायचा, हे मनाला पटत नाही.

आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. दोन-तीन महिने आधी. गावात एखादा शिकलेला पोरगा असतो, किंवा सेवा केंद्रावर बसून करता येते. ज्याचे नाव त्याचेच आधार कार्ड, आणि तेच मूळ कार्ड सोबत न्यायचे. फाटकावर तपासतात. ऐन वेळी माणूस बदलला तर आत सोडत नाहीत. "माझी आत ओळख आहे, दोन हजार वर द्या, जागा मिळवून देतो" असे म्हणणारा भेटला तर त्याला हात जोडा. वाघ दिसेलच अशी हमी देणाऱ्यालाही.

दर वेळोवेळी बदलतात म्हणून आकडा छापत नाही. पण अंदाज बांधा की एका जिप्सीला काही हजार रुपये लागतात आणि ते सहा जणांत वाटले जातात. शनिवार-रविवारपेक्षा इतर वारी स्वस्त, आणि गाभ्यापेक्षा बफर स्वस्त. बफर म्हणजे दुय्यम असे समजू नका. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलीझंझा या बफरच्या फाटकांवरूनही लोक वाघ पाहून येतात. आपल्या कामाच्या दृष्टीने तर बफरच महत्त्वाचे, कारण तिथे जंगल, वावर आणि गाव एकाच नजरेत दिसते. माझा सल्ला असा, की एक फेरी गाभ्यात आणि एक बफरमध्ये करा.

फाटक कोणते मिळाले ते नीट वाचा. मोहर्ली चंद्रपूरच्या अंगाने आहे, साधारण तीस किलोमीटरवर. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या अंगाने. नकाशावर ही जवळ दिसतात, पण रस्त्याने लांबचा वळसा आहे. एका फाटकाचे आरक्षण आणि दुसऱ्या फाटकावर मुक्काम केला तर पहाटेची फेरी गेलीच म्हणा. आपल्याकडून वणीमार्गे जाणाऱ्यांना मोहर्ली सोयीचे पडते. मुक्कामाला महामंडळाची निवासस्थाने आहेत, खाजगी रिसॉर्टही भरपूर आहेत, पण आधी गावातल्या घरगुती मुक्कामाची चौकशी करा. शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या घरी उतरावे. रात्रीच्या जेवणानंतर ओट्यावर जे बोलणे होते ते कोणत्याही व्याख्यानात होत नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोललेले बरे. सरपंच, सचिव मंडळींनी यासाठी ग्रामपंचायतीच्या निधीकडे पाहू नये. आत्मा योजनेतून शेतकरी अभ्यास दौरे निघतात, पण ते शेतीच्या विषयावर. सफारीची तिकिटे त्यात बसवायच्या खटपटीत पडू नका, उद्या लेखापरीक्षणात तुमचेच नाव येईल. बचत गट, शेतकरी गट किंवा भिशीच्या पद्धतीने महिन्याला थोडे थोडे जमवा. स्वतःचा पैसा लागला की माणूस कान देऊनही ऐकतो.

आत गेल्यावर

कपडे मळकट रंगाचे, हिरवे-खाकी घाला. अत्तर, तंबाखूच्या पुड्या, प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर ठेवा. मोबाइल आत वापरता येत नाही, तो जमा करावा लागला तर कुरकुर करू नका. चार तास फोनशिवाय काही बुडत नाही. गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, म्हणजे नाहीच. आपल्यातला एखादा म्हणेल, "मी रोज जंगलात पायी जातो, मला काय सांगता?" त्याला समजवा की नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या गाभ्यात गणनेच्या कामावर पायी असलेली वनरक्षक महिला वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती तर रोजची सरावाची होती.

गाडी जवळ घे म्हणून चालकाच्या मागे लागू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पिलांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात गाइड आणि चालक अडचणीत आले आणि ते गावचेच पोरगे असतात. पर्यटक फोटो घेऊन घरी जातो, रोजी जाते ती त्या पोराची.

शेतकऱ्याच्या नजरेने काय पाहावे?

वाघाची वाट पाहताना तास-दीड तास नुसते बसणे होते. त्या वेळात गाइडला प्रश्न विचारा. चार गोष्टी आवर्जून शिकून घ्या.

पहिली गोष्ट पावलांच्या ठशांची. वाघ आणि बिबट यांच्या ठशात नखे उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, तडस यांच्या ठशात नखे दिसतात. वाघाचा ठसा मोठा, बिबट्याचा लहान. हे एवढे ज्ञान गावातल्या दहा जणांना असले तर वासरू मेल्यावर निम्म्या अफवा जागीच थांबतात.

दुसरी, आवाजांची. वाघ हिंडू लागला की चितळ ओरडते, वानर झाडावरून खेकसते, सांबर ढांक देते. जंगल वाघाची वर्दी देते. ही भाषा ज्याला कळते तो सकाळी कापूस वेचायला जाण्याआधी धुऱ्यावर दोन मिनिटे उभा राहून ऐकतो.

तिसरी, खाण्याची. एक वाघ वर्षाला हरणाएवढी साधारण पन्नास जनावरे खातो. चितळ, सांबर, रोही, डुक्कर हेच त्याचे धान्य. जंगलात हे असेल तोवर तो गोठ्याकडे कमी वळतो. आपण जंगलात ढोरे मोकळी सोडली की आपण त्याच्या ताटात वाढून ठेवतो. ताडोब्याकाठची कोणती गावे ढोरे बांधून चारतात, वैरण कुठून आणतात, ते पाहून या.

चौथी, पाण्याची. आत जमिनीकडे पाहा. पाचोळ्याचा थर, त्याखाली ओल, उतारावर गवत. आपल्या उघड्या टेकड्यांवर पडलेला पाऊस तासाभरात नाल्याला लागतो आणि जाताना माती नेतो. तिथे तो मुरतो. अंधारी नदी त्याच जंगलातून वाहते, आणि ज्या इरई धरणाचे पाणी चंद्रपूर शहराला आणि तिथल्या वीज केंद्राला जाते, त्याच्या काठालाही हेच जंगल आहे. पाणलोटाची कामे आपण कागदावर पुष्कळ पाहिली, हे चालते-बोलते काम आहे. जिथून गावे उठली तिथली जुनी वावरेही पाहा. तिथे आता गवताची कुरणे झाली आहेत आणि चितळांचे कळप चरतात.

गावात बसून काय विचारावे?

आता दौऱ्याचा खरा भाग. बफरमधल्या एखाद्या गावात दुपार काढा. सरपंचांना आधी निरोप द्या. ग्राम परिस्थितिकी विकास समितीच्या माणसांना भेटा. आगरझरीला समितीने फुलपाखरांचे उद्यान आणि नौकाविहार चालवला आहे, तो पाहा. मोहर्लीला गाइडचे काम करणाऱ्या बाया आहेत, त्यांच्याशी आपल्या बायांना बोलू द्या. आणि हे प्रश्न वहीत लिहून न्या :

फाटकाच्या उत्पन्नातून गावाला काय मिळते, ते कोण खर्च करते आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जातो का?

गावातली किती पोरे गाइड आणि चालक आहेत? जिप्सीचे मालक गावचे आहेत की बाहेरचे?

फाटकाजवळची जमीन किती जणांनी विकली? विकली त्यांचे आज काय चालले आहे?

कुंपण कोणते टिकले? सामूहिक की ज्याचे त्याचे? बॅटरी गेल्यावर दुरुस्ती कोण करते?

ढोर मेल्यावर पैसे किती दिवसांत हाती पडतात? पिकाचे किती दिवसांत?

यातल्या काही प्रश्नांची उत्तरे कडू मिळतील. सगळे गाव पर्यटनाने सुधारले असे चित्र कुणी रंगवले तर विश्वास ठेवू नका. मोठ्या रिसॉर्टच्या भिंतीला लागून असलेल्या वावरातही माणूस रात्रभर जागलीवर बसतो. ज्याने भावात जमीन विकली आणि पैसा मोटारसायकल-लग्नात गेला, तो आज त्याच जमिनीवर चौकीदार असेल तर त्याच्याकडूनही शिकायचे आहे. टिपेश्वरच्या आसपासच्या गावांनी तर हे कान देऊन ऐकावे. उद्या तुमच्या दारी गिऱ्हाईक येईल तेव्हा हा चौकीदार आठवला पाहिजे. सांगायचे म्हणून सांगतो, जमीन विकू नका. द्यायचीच तर भाड्याने द्या, आणि तेही गटाने बोलून.

झटका आणि करंट

कुंपणाचा विषय निघाला म्हणून एक कठोर गोष्ट. सौर कुंपणाचे झटका मशीन वेगळे आणि मेन लाइनवरून तारेत सोडलेला करंट वेगळा. झटका मशीनचा धक्का क्षणाचा असतो, जनावर मागे सरते. मेनचा करंट मारून टाकतो. त्यात वाघ मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे आणि जेल आहे. आणि बहुतेक वेळा वाघाआधी मरतो तो शेजाऱ्याचा बैल, किंवा रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीच. डुकरांचा त्रास मला ठाऊक आहे. एका रात्रीत एकरभर भुईमूग उलथून पडलेला पाहिल्यावर माणसाच्या डोक्यात काय येते तेही ठाऊक आहे. तरीसुद्धा हा मार्ग नाही. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना अनुदान मिळते. २०१५ पासून ही योजना आहे. तुमचे गाव त्यात बसते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. ताडोब्याकाठच्या ज्या शेतकऱ्याचे कुंपण पाच वर्षे टिकले आहे त्याचे वावर प्रत्यक्ष फिरून पाहा. तारेखालचे गवत तो कसा काढतो, बॅटरी कुठे ठेवतो, हे पत्रकात लिहिलेले नसते.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींना

पदांची नावे अलीकडे बदलली, पण गावाच्या तोंडी तुम्ही तेच आहात आणि कामही तेच आहे. तुमच्यापैकी निदान दोघांनी या दौऱ्यात असावे. कारण नुकसानीचे पैसे अडतात ते बहुधा कायद्यात नव्हे, कागदात. पिकाचे नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत आणि ढोर मारले गेल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते. मेलेले ढोर जागेवरून हलवायचे नाही. आपला शेतकरी चौथ्या दिवशी तुमच्याकडे येतो, तोवर ढोर ओढून टाकलेले असते, आणि मग सगळे मिळून सरकारला शिव्या देतो. माणूस मेल्यास त्याच्या वारसांना २०२३ च्या निर्णयाप्रमाणे पंचवीस लाख रुपयांची तरतूद आहे. पैशाने माणूस परत येत नाही, पण मागे राहिलेल्या लेकरांचा तो हक्क आहे आणि कागदाअभावी तो एक दिवसही अडता कामा नये. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्याला दौरा लागत नाही, आजच लिहिता येतो.

परत आल्यावर

"वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो" अशी आपली म्हण आहे. खरीच आहे. वाघाची पूजा करून किंवा त्याला शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. ते सगळे अभयारण्याच्या रेषेत राहतील असे समजणे भोळेपणा आहे. ताडोब्यात जन्मलेला तरुण वाघ जागा शोधत निघतो आणि वर्धा नदी ओलांडून आपल्याकडेही येऊ शकतो. तो येणार हे धरून चालायचे, तर त्याच्या शेजारी राहायची शिस्त शिकायलाच हवी. ती शिकलेल्यांकडे जाण्यात कमीपणा नाही.

म्हणून बेत असा करा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडा आणि नावे घ्या. दिवाळीनंतर आरक्षण करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊन या. आणि १ मे च्या ग्रामसभेत, तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात असताना, गेलेल्या प्रत्येकाने उभे राहून पाच मिनिटे सांगावे, काय पाहिले, काय विचारले आणि आपल्या गावात त्यातले काय करता येईल. तेंदूला एकटे न जाता गटाने आणि उजाडल्यावर जाणे, ढोरांसाठी सामूहिक वैरण, कुंपणाच्या दुरुस्तीची वर्गणी, नुकसानीचा अर्ज तीन दिवसांत भरून देणारा एक नेमलेला माणूस. यातल्या दोन गोष्टी जरी गावाने धरल्या तरी दौऱ्याचे पैसे वसूल झाले.

नाहीतर मोबाइलमधले वाघाचे फोटो काय, घरबसल्या पुष्कळ मिळतात.